हडळीनं फाडलेलं तिकीट

जुनी हुबळी,
बुधवार, ५ नोव्हेंबर २०२५

प्रिय चेतन,

गेल्या शुक्रवारी तुझ्या घरच्या भुतांच्या थिएटरात दारावर उभी राहून तुझं तिकीट फाडणारी हडळ मी होते. पिंजारलेले पांढरे केस, काळे केलेले दात, टाचांना मागून बांधलेले रबरी पंजे आणि हातात टॉर्च. तू तिकीट पुढे केलंस, मी अर्धं फाडून ठेवून घेतलं आणि टॉर्चचा उजेड तुझ्या पावलांपुढे टाकत तुला तिसऱ्या रांगेतल्या कडेच्या खुर्चीपर्यंत नेलं. बसता बसता तू म्हणालास, "थँक्स, अक्का." सव्वीस वर्षांनी तू माझ्याशी बोललेले हे पहिले शब्द. तू मला ओळखलं नाहीस याचं मला वाईट वाटलं. हे आत्ताच लिहून टाकते, कारण यापुढे सगळ्या पत्रभर मी रागावलेली असणार आहे आणि मग ते सांगायचं राहून जाईल.

मी तिथे कशी आले ते आधी सांगते. माझ्या राजूअण्णाचा रोहित आणि तुझी वेदश्री दोन वर्षं बेंगळूरला एका ऑफिसात आहेत आणि त्यांनी आपापसात केव्हाच ठरवून टाकलंय, हे दसऱ्याच्या सुमारास दोन्ही घरांत कळलं. मुलगा कुणाच्या घरचा, हे ऐकून तुझ्या आईचा चेहरा कसा झाला असेल याचा विचार करत मी दोन दिवस मजेत काढले. पण पोरं ऐकेनात. तेव्हा हे स्थळ जणू तुम्हीच शोधून काढलंत अशा थाटात तुम्ही बेळगावच्या मध्यस्थ बाईंच्या हाती मुलीची पत्रिका आमच्याकडे पाठवलीत. बैठक तुळशीचं लग्न झाल्यावर, म्हणजे येत्या रविवारी, आमच्या घरी ठरली. पत्रिकेबरोबर एक निरोपही आला. बाईंनी तो स्वयंपाकघरात वहिनीला सांगितला आणि वहिनीनं मेथी निवडता निवडता, माझ्याकडे न बघता, मला सांगितला. बैठकीच्या दिवशी मुलाच्या आत्याबाई समोर नसल्या तर बरं, शुभकार्यात जुन्या गोष्टी निघायला नकोत. हे शब्द शांताकाकूंचे की तुझे, असं मी वहिनीला विचारलं नाही. तुझे नसणार. तू बोलत नाहीस, तू नुसता हजर असतोस.

त्यानंतर आठवड्याच्या आत वेदश्रीचा फोन आला. "आत्या, मी वेदश्री. रोहितनं नंबर दिला. तुम्ही लग्नाचं डेकोरेशन करता ना? मला भुताचं करून पाहिजे." कर्नाटक राज्योत्सवाच्या सुट्टीला ती घरी येणार होती, एकतीस तारखेला ते परदेशातलं हॅलोविन, आणि तिला तुमच्या विद्यानगरच्या बंगल्यातला खालचा हॉल पूर्ण सिनेमा थिएटर करून हवा होता. नुसता पडदा आणि प्रोजेक्टर नको. माणूस फाटकातून आत शिरला की तिथूनच घाबरला पाहिजे, तिकीट काढलं पाहिजे, अंधारात चाचपडत खुर्चीवर जाऊन बसला पाहिजे. घरच्यांना धरून अठरा जण होणार होते, काही ऑफिसातले, बाकी तुझ्या बहिणीच्या घरची धारवाडची पोरं. करणारी मी आहे हे घरी सांगायचं नाही, नंतर गंमत म्हणून सांगू, असं ती म्हणाली. तिच्या आवाजावरून माझ्या लक्षात आलं की आपल्याबद्दल तिला कुणी काहीच सांगितलेलं नाही. ती बोलून संपायच्या आत मी हो म्हटलं. होणाऱ्या सुनेचं कौतुक म्हणून म्हटलं असं समजू नकोस. मला तुझं घर आतून बघायचं होतं आणि त्यातलं काहीतरी मोडायचं होतं. काय मोडायचं ते तोवर ठरलं नव्हतं.

नशीबही माझ्या बाजूनं होतं. कार्तिकात घरात भुतं नाचवणार म्हणून शांताकाकू रुसून चार दिवस धारवाडला लेकीकडे जाऊन बसल्या आणि तू शुक्रवारपर्यंत दुकानाचा माल भरायला इचलकरंजीला. मी बुधवारी सकाळी टेम्पो घेऊन तुझ्या दारात उभी राहिले तेव्हा मला ओळखणारं कुणी घरात नव्हतं.

आमच्या धंद्यातली एक गोष्ट तुला माहीत नसेल. मंडपवाल्याच्या गोदामात काळं कापड नसतं. बाबांच्या वेळेपासून आमच्याकडे लाल, पिवळं, पांढरं, अबोली, सगळं आहे, काळं कधी आणलंच नाही. त्यात राज्योत्सव तोंडावर, सगळ्या हुबळीत चौकाचौकांत स्टेज, जिकडे बघावं तिकडे लाल-पिवळं. शेवटी मी अस्तराचं काळं कापड घेतलं, दोनशे मीटर. दुकानदारानं दबकत विचारलं, कोण गेलं? मी म्हटलं, अजून कुणी नाही. बाकी सामान मात्र सगळं लग्नाचंच वापरलं. नवरीच्या एंट्रीला पायाशी धूर सोडायचं मशीन असतं, ते तुमच्या फाटकाजवळच्या तगरीखाली लपवलं. वरातीवर पाकळ्या उडवायचा ब्लोअर असतो, त्यात वाळलेली पानं भरली. जेवणाच्या पंगतीमागे लावतो तो पांढरा पडदा पाइपांच्या चौकटीवर ताणून बसवला, सुरकुती राहू दिली नाही. जिन्याखालच्या अडगळीच्या खोलीला तिकीट खिडकी पाडली. बोळातून जाताना तोंडावर कोळिष्टक लागल्यासारखं वाटावं म्हणून छतापासून बारीक दोरे सोडले आणि खुर्च्यांच्या खाली स्पीकर ठेवले, म्हणजे पडद्यावर दार वाजलं की बसणाऱ्याच्या पाठीत वाजेल. एका बंद पडलेल्या थिएटरातून बाबांनी घेतलेल्या उघडमिटीच्या खुर्च्या गोदामात पडून होत्या, त्या पुसून आणल्या. मध्यंतराला चुरमुऱ्यांचं गिरमिट आणि मिरची भजी, भज्यांच्या टोपलीवर पाटी 'ताजी बोटं'. स्वतःच्या कामाचं सांगू नये, पण एवढं चांगलं काम मी आजवर कुणाच्या लग्नात केलेलं नाही.

भोपळ्यांचं राहिलं. अमरगोळच्या बाजार यार्डातून मी तांबडे भोपळे आणवले, डोळे-तोंड कोरून आत दिवे ठेवायला. माझ्याकडे पंधरा वर्षं काम करणारी मथुरा, अळणावरकडची, तिनं सुरीच खाली ठेवली. "अक्का, अख्खा भोपळा बाईमाणसानं फोडू नये. गडीमाणसाचा हात लागू दे पहिला." आपल्याकडची रीत तुलाही ठाऊक आहे. तुझी बायको तेवढ्यात चहा घेऊन खाली आली होती, तीही म्हणाली, थांबा, शेजाऱ्यांना हाक मारते. मी सुरी घेतली आणि बाराच्या बारा फोडले. जिच्या नक्षत्रानं सासरा मरतो तिला भोपळ्यानं आणखी काय व्हायचंय, असं मी म्हणाले नाही, मनात म्हटलं. तुझी बायको मग तिथेच फरशीवर माझ्याजवळ बसली, बिया काढू लागली. भली बाई आहे. गप्पांच्या ओघात म्हणाली, "आमचे हे फारसं बोलत नाहीत, पण मनानं चांगले आहेत." मी म्हटलं, ऐकून आहे.

चांगला. चेतन, मलाही तू फार चांगला वाटायचास. तुम्ही तेव्हा आमच्या मागच्याच गल्लीत राहत होता. बी.कॉम.ची तीन वर्षं आणि पुढची दोन, एवढ्या काळात तू कधी आवाज चढवला नाहीस, कधी कुणाची निंदा केली नाहीस, आणि मी त्याला स्वभाव समजले. आपल्या तेव्हाच्या बैठकीच्या आधीच्या रविवारी उणकलच्या तळ्यावर मी तुला सगळं सांगितलं होतं. माझं नक्षत्र मूळ आहे. लोक म्हणतात, मुळावरची मुलगी सासऱ्याच्या जिवावर येते. भटजींनी बाबांना सुचवलं होतं की जन्मवेळ थोडी पुढे लिहा, पूर्वाषाढा होईल, सगळेच लिहितात. बाबा म्हणाले, मी खोटी वेळ लिहून देणार नाही, माझी मुलगी आहे, चोरीचा माल नाही. हे सगळं ऐकून तू शेंगा सोलत हसलास. म्हणालास, पत्रिका निघाली की मी उठून सांगेन, मला माहीत आहे आणि मला चालतंय. आईपुढे सांगेन, असं म्हणालास. तुझे शब्द मी वाढवून सांगत नाही. मी त्या शब्दांवर घरी गेले आणि हिरव्या साडीला फॉल लावायला बसले.

पुढचं तू पाहिलंस, पण तू समोरून पाहिलंस, मी दाराआडून पाहिलं. शांताकाकूंनी पत्रिका उघडली, वाचली, घडी करून बशीशेजारी ठेवली. "माझ्या कुंकवावर उठलेली पोरगी दाखवायला बोलावलंत का आम्हाला?" तुला सोडून खोलीत नऊ माणसं होती आणि नऊही जणांनी तुझ्याकडे बघितलं. तुझे वडील सदाशिवकाका, ज्यांच्या जिवाचा प्रश्न होता, तेसुद्धा तुझ्याकडे बघत होते, आणि मला अजून वाटतं की तू एक शब्द बोलला असतास तर ते हो म्हणाले असते. तुझ्या हातात पोह्यांचा चमचा होता. तू तो तोंडात घातलास आणि खाली बघून चावत राहिलास. मग तुझी आई उठली, तू उठलास, चपला घातल्यास. बाबा उंबऱ्यापाशी हात जोडून उभे होते. त्यांच्या हातांकडेही तू पाहिलं नाहीस.

अकरा महिन्यांनी सदाशिवकाका दुकानात बसल्या जागी गेले. मी त्या दिवशी नवलगुंदला कुणाच्या तरी लग्नाचा मंडप बांधत होते. तुमच्या घराचा उंबरा मी ओलांडला नव्हता, तुमच्या घरचं पाणी प्यायले नव्हते, तरी शांताकाकूंनी आपल्या सगळ्या लोकांत सांगितलं, नुसती बैठक झाली तर माणूस गेला, लग्न झालं असतं तर घर बसलं असतं. त्यानंतर माझ्यासाठी एकही स्थळ आलं नाही. माझं लग्न झालं नाही याचं रडगाणं मी तुझ्यापुढे गाणार नाही. ते मी केव्हाच आवरलं. धंदा माझ्या हातात आला, वाढला, आज धारवाडपासून गदगपर्यंत लोक माझ्या तारखा बघून मुहूर्त धरतात. मला जाळतं ते वेगळंच आहे. बाबा शेवटच्या आजारात होते, मी पाय चेपत होते. म्हणाले, "वनी, मी तेव्हा वेळ पुढे लिहायला हवी होती. चुकलं माझं." जन्मभर कधी वाकडं पाऊल न टाकलेला माणूस खरं लिहिल्याची माफी मागत गेला. त्या दिवसापासून मला तुमचा सूड हवा आहे. शांताकाकूंचाही, पण आधी तुझा. त्यांना निदान जे वाटलं ते त्या बोलल्या.

आता शुक्रवारचं. वेदश्रीची कल्पना अशी की तिकीट म्हणजे प्रत्येकाची 'भूतपत्रिका' असावी. त्यावर नाव, जन्मवेळ, नक्षत्र, आणि मेल्यावर हा माणूस कोणतं भूत होऊन काय करत फिरेल त्याचं भविष्य. सिनेमा सुरू व्हायच्या आधी दिवे घालवून हडळीनं ती माइकवर वाचायची. तिनं सगळ्यांच्या तारखा आणि वेळा गोळा करून मला फोनवर पाठवल्या आणि गुरुवारी दुपारी मी गोदामात बसून लाल शाईनं तिकिटं लिहिली. फार हसत लिहिली, पोरं गोड आहेत. तुझंही लिहिलं. 'मुका समंध. हे भूत कुणाला धरत नाही, कोपऱ्यात बसून नुसतं बघतं.' तू ते टॉर्चच्या उजेडात वाचलंस आणि हसलास, आठवतंय? अठरावं तिकीट वेदश्रीचं स्वतःचं होतं. वेळ पहाटे पाच वाजून दहा मिनिटं. फोनमध्ये तारीख-वेळ घातली आणि नक्षत्र आलं मूळ.

मी उठले, घरी गेले, अण्णाच्या कपाटातून तुम्ही पाठवलेली पत्रिका काढली. तारीख तीच, गाव तेच. वेळ दुपारी दोन वीस, नक्षत्र पूर्वाषाढा. दोन्ही कागद मी पलंगावर शेजारी शेजारी ठेवले. आधी मला हसू आलं, ते किती वेळ थांबेना. ज्या घरात बाबांनी खरी वेळ लिहून तुमच्या पुढ्यात ठेवली आणि तुम्ही ती बशीशेजारी टाकून उठलात, त्याच घरात तुम्ही खोटी वेळ लिहून पाठवलीत. आणि वर मी समोर नसावं असा निरोप. मला कळेना की तुझी कीव करावी की तुझ्या दुकानात येऊन भर गिऱ्हाइकांत तुझी कॉलर धरावी. बाबा असते तर त्यांना मी तो कागद दाखवला असता आणि सांगितलं असतं, बघा, तुम्ही चुकला नव्हता.

मग ठरलं. हडळ माइकवर अठराही पत्रिका वाचणार होती. तिथे धारवाडची पोरं असणार होती, म्हणजे सिनेमा संपून ती घरी पोचायच्या आत शांताकाकूंच्या कानावर बातमी गेली असती. मी वाक्यसुद्धा तयार ठेवलं होतं, 'वेदश्री, मूळ नक्षत्र, सासऱ्याला खाणार.' ऐकणाऱ्यांना ती गंमत वाटली असती आणि तुझ्या पायाखालची जमीन सरकली असती. साडेसहाला धूर सुटला, पानं उडाली, पोरं ओरडत ओरडत आत आली. दिवे गेले. मी एकेक वाचत गेले आणि हॉल हसून हसून आडवा झाला. शेवटी वेदश्रीचं तिकीट वर धरलं आणि टॉर्च तुझ्याकडे वळवला. तुला समजलं होतं. बाकीच्यांची नक्षत्रं खऱ्या वेळेची निघताहेत हे तुझ्या ध्यानात आलं होतं, आणि आता तुझ्या मुलीचं नाव येणार हेही. आणि तू काय केलंस? मान खाली घातलीस आणि स्वतःच्या हातातल्या अर्ध्या तिकिटाकडे बघत बसलास. ती मान मी ओळखते. मी त्या क्षणी बोलले असते तर तू तसाच बसून राहिला असतास, लग्न मोडल्याचं खापर एका हडळीवर फुटलं असतं आणि तू पुन्हा मनानं चांगला, फारसा न बोलणारा माणूस म्हणून सुटला असतास. हे एवढं स्वस्तात मला परवडणारं नव्हतं. मी वाचलं, 'वेदश्री. ही मेल्यावर भूत होणार नाही, बाकीच्या भुतांना कामाला लावेल.' सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या आणि मी सिनेमा सुरू केला. दया आली म्हणून मी गप्प बसले असं मनात आणू नकोस.

शनिवारी सकाळी आम्ही सामान काढायला आलो तेव्हा तू दुकानात गेला होतास. वेदश्री माझ्याबरोबर काळ्या कापडाच्या घड्या घालत होती. दोन टोकं तिच्या हातात, दोन माझ्या. मध्येच म्हणाली, "आत्या, काल माझं नक्षत्र का वाचलं नाही तुम्ही?" मी कापडाची टोकं जुळवत राहिले. तेव्हा तिनं सगळं सांगितलं. हॉस्पिटलचं कार्ड आईच्या कपाटात आहे, त्यावर पहाटेची वेळ आहे. आजीनं नवी पत्रिका करून घेतली तेव्हा ती बेंगळूरहून भांडली. रोहितला तर तिनं पहिल्याच महिन्यात सांगून टाकलं होतं. "अप्पांना दहा वेळा म्हटलं, तुम्हीच रोहितच्या घरी खरं सांगा. ते म्हणतात, बघू. मग मला वाटलं, निदान हडळ तरी सांगेल." तिनं मुद्दाम खरी वेळ दिली होती, चेतन. तिला स्वतःच्या बापाकडून जे मिळेना ते ती माझ्याकडून करून घेऊ बघत होती. मी घडी पुरी केली, तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि इतकंच म्हटलं की तुझ्या लग्नाला काही होणार नाही.

घरी येऊन मी दोन्ही वेळा अण्णापुढे ठेवल्या. सासरा तोच होणार, त्यामुळे शास्त्राप्रमाणे मरायचंय त्यानं. त्यानं चष्मा लावला, दोनदा वाचलं आणि म्हणाला, "सुनेच्या नक्षत्रानं मरेपर्यंत माझी शुगर मला ठेवते का बघ." मग चहा मागितला. वहिनी अर्धा दिवस घाबरलेली होती, तीही संध्याकाळपर्यंत मुलीला कोणत्या रंगाचा शालू घ्यायचा ते बोलायला लागली. म्हणजे आमच्या बाजूनं लग्न ठरलं आहे. मुलगी मुळावरची आहे हे आम्हाला सगळ्यांना माहीत आहे आणि तिच्या केसालाही धक्का लागणार नाही.

आता हे पत्र कशासाठी, ते. त्या बैठकीनंतर तिसऱ्या दिवशी तू तुझ्या मित्राच्या हाती मला एक चिठ्ठी पाठवली होतीस, एकाच ओळीची. 'इतकं अचानक झालं की काही सुचलं नाही.' मी ती सव्वीस वर्षं खरी मानायचा प्रयत्न केला. म्हणून या वेळी मी तुला आधी कळवते आहे. रविवारी अकरा वाजता तुम्ही याल. मी समोर बसलेली असेन, निरोप काहीही असो. वेदश्रीलाही आम्ही बाहेर, सगळ्यांत बसवणार आहोत. चहा झाला की अण्णा पत्रिका मध्ये ठेवेल आणि तुला, तुझ्या आईला नव्हे, तुला एकच गोष्ट विचारेल, मुलीची वेळ बरोबर आहे ना? आमच्याकडचं कुणी त्यापुढे एक शब्द बोलणार नाही, कितीही वेळ गेला तरी. तुझ्याजवळ पुरे चार दिवस आहेत, काय सुचायचं ते सुचू दे. तू खरं बोललास, तर शांताकाकूंचं तोंड मला बघायला मिळेल. तू मिठाची गुळणी धरून बसलास, तर तुझं तोंड तुझी मुलगी बघेल. मला दोन्ही चालेल.

सव्वीस वर्षांपूर्वीची तुझीच,
आता रोहितची आत्या,
वनिता